झिंक ऑक्साइड : बाणाची दुसरी दिशा

महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या २०१८ सालच्या पाठ्यपुस्तकात, धातुविज्ञानाच्या पाठात, झिंक ऑक्साइड येते. झिंक सल्फाइड भाजले किंवा झिंक कार्बोनेटचे निस्तापन केले, की ते मिळते. पुढे कार्बनने क्षपण केले, की जस्त हाती येते. मांडणी सरळ आहे, समीकरणेही बरोबर आहेत. आमचा आक्षेप वेगळा आहे. या मांडणीत ऑक्साइड हा धातूकडे जाणाऱ्या वाटेवरचा केवळ एक थांबा ठरतो. धातूपासून मुद्दाम ऑक्साइड कोणी करत असेल, हे विद्यार्थ्याच्या मनातही येत नाही.

पुणे-नाशिक रस्त्यावरील कुरुळीच्या विद्यार्थ्यापुढून चाकणच्या कारखान्यांची वाहने रोज जातात. त्यांच्या टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड असते. गंधकाने रबर पक्के करण्याच्या क्रियेला ते स्टिअरिक आम्लाच्या जोडीने चालना देते. या कामाचे ऑक्साइड बहुधा जस्त जाळूनच करतात. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते; त्याची वाफ हवेत जळून पांढरा धूर होतो आणि तो कापडी पिशव्यांत गाळून घेतात. ६५.४ ग्रॅम जस्तापासून ८१.४ ग्रॅम ऑक्साइड मिळते. शिशाच्या विषारी पांढऱ्या रंगाला पर्याय म्हणून ही पद्धत एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये रुजली.

गुणधर्मही नुसते पाठ करून घेऊ नयेत. कठीण काचेच्या परीक्षानळीत चिमूटभर झिंक ऑक्साइड तापवावे. ते पिवळे होते आणि थंड झाल्यावर पुन्हा पांढरे होते. तापताना स्फटिकातील किंचित ऑक्सिजन निघून जातो, थंड होताना तो परत येतो. हेच ऑक्साइड विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळते आणि तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातही विरघळते. ‘उभयधर्मी’ या शब्दाची व्याख्या सांगण्याआधी हे दोन्ही प्रयोग शिक्षकांनी दाखवावेत. मात्र वर्गात जस्त जाळू नये. त्याचा धूर श्वासात गेल्यास ताप येतो.

मग एक प्रश्न वर्गापुढे ठेवता येईल. ऑक्साइडचे जस्त करायला इंधन खर्ची घालायचे आणि तेच जस्त जाळून पुन्हा ऑक्साइड करायचे, हा उपद्व्याप कशासाठी? उत्तर शुद्धतेत आहे. धातुकाबरोबर शिसे, लोह, कॅडमिअम येतात. धातू शुद्ध करून घेतला, की त्याचे ऑक्साइडही शुद्ध मिळते. हा प्रश्न पाठाच्या शेवटी असता, तर समीकरणातला बाण कोणत्या दिशेने न्यायचा हे गरज ठरवते, एवढे तरी विद्यार्थ्याला उमगले असते.