‘उधळपट्टी’ : अर्थ आणि आरोप

‘उधळपट्टी’ या शब्दाला ‘अपव्यय’ हा प्रतिशब्द देऊन कोशकार बहुधा थांबतात. हा पर्याय चुकीचा नव्हे. मात्र तो अपुरा आहे.

शब्दाचे मूळ ‘उधळणे’ या क्रियापदात आहे. जेजुरीस भंडारा उधळतात, मिरवणुकीत गुलाल उधळतात आणि बुजलेला बैलही उधळतो. पहिले दोन प्रयोग सकर्मक, तिसरा अकर्मक. परंतु आवर सुटण्याचा भाव तिन्हींत समान आहे. तेव्हा ‘उधळपट्टी’चा गाभा खर्चाच्या आकारात नसून त्याला धरबंध नसण्यात आहे. थोडक्या पैशाचीही उधळपट्टी होते. मोठा खर्च मात्र नेहमीच उधळपट्टी ठरत नाही.

सजातीय व समीपार्थी शब्दांशी तुलना केल्यास आणखी एक विशेष ध्यानात येतो. रंगांची ‘उधळण’ ही स्तुती होय. ‘उधळपट्टी’ ही निंदाच. अवकाळी पावसाने पिकाची ‘नासाडी’ होते, उधळपट्टी होत नाही. तिला दोषी ठरेल असा मनुष्य लागतो. ‘आज चैन केली’ असे माणूस स्वतःविषयी आनंदाने सांगतो; उधळपट्टी मात्र बहुधा दुसऱ्याची असते, स्वतःची असल्यास ती पश्चात्तापानंतरची. तात्पर्य, हा शब्द वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाही, निवाडा देतो.

निवाडा कोण देतो, हा प्रश्न गौण नव्हे. सन 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला व तो दख्खनच्या इतर भागांत पसरला. रयतेच्या कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून लग्नसमारंभांतील तिच्या उधळपट्टीकडे बोट दाखविले जात असे. परंतु चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानेच या कारणास अवाजवी महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. शेतसाऱ्याचा बोजा व सावकारी व्याज यांचा हिशेब मांडण्याआधीच ऋणकोचा स्वभाव दोषी ठरविण्याची सोय या शब्दात आहे.

म्हणून ‘उधळपट्टी’ची व्याख्या ‘बोलणाऱ्याच्या मते बेताल व निंद्य असा खर्च’ अशी करणे अधिक सयुक्तिक ठरेल. ‘बोलणाऱ्याच्या मते’ हे दोन शब्द गाळल्यास कोशात अर्थाच्या जागी आरोपच नोंदला जाईल.