उक्षीचा हत्ती किती वर्षांचा?

हिंजवडीत राहून पीएचडी करणाऱ्याला 'प्रेक्षणीय स्थळ' म्हणजे संध्याकाळी सातचा फेज ३ चा ट्रॅफिक! म्हणून दोन दिवस सुट्टी काढली आणि कुंभार्ली घाट उतरून रत्नागिरी गाठली.

आधी थिबा राजवाडा पाहिला. इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशच्या थिबा राजाला गादीवरून काढलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. या वाड्यात तो १९१० साली राहायला आला आणि १९१६ साली वारला. या सालांबद्दल वाद होत नाही, कारण मागे सरकारी कागद आहेत.

मग उक्षी. गावाबाहेरच्या सड्यावर, उघड्या जांभ्यात कोरलेला हत्ती. राजापूर तालुक्यात कशेळीला तर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. २०२२ पासून कोकणातली ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. इथे कागद नाही. तरी बातम्यांत आकडे ठोकून दिलेले असतात: कुठे १०,००० वर्षं, कुठे १२,०००, कुठे थेट २०,०००.

माझी तक्रार या आकड्यांबद्दल आहे. माझी पीएचडी पुरातत्त्वातली नाही, मोजमापातली आहे. आकड्यापुढे 'अधिक-उणे किती' लिहिलं नाही, तर आमचे गाइड वही परत करतात!

अडचण काय आहे ते बघा. कार्बन-१४ पद्धतीला एकेकाळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं: कोळसा, हाड, लाकूड. कोरलेल्या रेघेत यातलं काहीच नसतं, तिथला दगड फक्त काढून टाकलेला असतो. जांभ्याचं वय काढलं तरी ते दगडाचं झालं, कोरणाऱ्याच्या हाताचं नाही. मग अभ्यासक आडवाटेने जातात. आज कोकणात नसलेला गेंडा चित्रांत दिसतो. शेतीची चित्रं दिसत नाहीत. आसपास दगडी हत्यारं सापडतात. यावरून 'शेतीआधीचा काळ' हा अंदाज वाजवी ठरतो. पण तो अंदाज आहे, जन्मदाखला नव्हे.

आणखी एक वाट आहे. शिल्पावर साचलेल्या मातीतल्या वाळूच्या कणांना शेवटचं ऊन कधी लागलं, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. माती तितकी जुनी, म्हणजे तिच्याखालची रेघ किमान तितकी जुनी. आता गंमत बघा, खरं तर गंमत नाहीच. फोटो चांगला यावा म्हणून कुणी ती माती खरवडून काढली, रेघेत खडूची पूड भरली, की हा एकमेव साक्षीदार गेला. तो परत आणता येत नाही.

म्हणून मला वाटतं, अशा ठिकाणच्या फलकावर वयाच्या आकड्याआधी तीन ओळी हव्यात: काय नक्की माहीत आहे, कशावरून, आणि काय अजून शोधायचंय. याने शिल्पाचा मान कमी होत नाही. उलट फलक वाचणाऱ्या आठवीतल्या पोराला वाटेल, अरे, इथे अजून काम शिल्लक आहे!

तुम्ही गेलात तर कडेनेच बघा, रेघांवर पाय नको, झाडू तर नकोच. आणि कुणी वय सांगितलं की नम्रपणे विचारा, "कशावरून?"