घरची शाळा आणि खानदेशातली मुलं : वॉल्डॉर्फ पद्धतीची एक तपासणी

आजचा विषय आहे वॉल्डॉर्फच्या वाटेनं मुलांना पहिलीपासून इयत्तावार घरीच शिकवणं. पद्धत चांगली की वाईट, एवढाच निकाल देऊन आम्ही थांबणार नाही. जळगाव-धुळ्यात राहून कुणी हे करायचं म्हटलं, तर त्यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं, हे बघू.

आधी मूळ गोष्ट. १९१९ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टला वॉल्डॉर्फ-अस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता. त्याचे प्रमुख एमिल मोल्ट यांनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढायचं ठरवलं आणि रुडॉल्फ स्टायनर यांना बोलावलं. शाळा उघडण्याआधी स्टायनरनी शिक्षकांसमोर व्याख्यानं दिली. ती उतरवून घेतली गेली आणि आज जगभर वाचली जातात. म्हणजे मुळात ही कामगारांच्या मुलांची शाळा, हे ध्यानात ठेवा.

पद्धतीतलं आम्हाला पटतं ते आधी सांगतो. सकाळी ताज्या डोक्यानं एकच विषय, तोही तीन-चार आठवडे सलग. छापील पुस्तकाऐवजी मुलानं स्वतः लिहून, चित्रं काढून केलेली वही. गोष्ट आधी, व्याख्या नंतर. हाताला रोज काम. यात परकं काय आहे? चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ स्थापल्याची नोंद आहे. त्यांच्या ‘लीलावती’त गणित येतं ते भुंगे, हंस, मोर-साप आणि वाऱ्यानं मोडलेला बांबू घेऊन. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवत होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. गोष्ट आणि हातानं लिहिलेला कागद यांची ताकद या मातीला ठाऊक आहे.

आता अडचणी. पहिली अक्षरांची. वॉल्डॉर्फमध्ये चित्रातून अक्षर काढतात. डोंगराच्या चित्रातून रोमन ‘एम’ उभा राहतो. इंग्रजीत ते उपयोगी पडतं, कारण तिथे अक्षराचं नाव एक आणि उच्चार दुसरा. मराठीत ‘क’चं नावच ‘क’. आपल्या मुलाचा घोडा अडतो तो काना-मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरांपाशी. म्हणून कमळातून ‘क’ काढत महिना घालवण्यात फारसा अर्थ नाही. बाराखडी चालीवर म्हणा, टाळ्या धरा, अंगणात गिरवा. तत्त्व तेच, वाट आपली. आणि घरात अहिराणी असेल तर गोष्टी अहिराणीतच सांगा. ती ‘अशुद्ध मराठी’ नव्हे. मुलाच्या कानावर पहिली पडलेली भाषा आहे.

दुसरी अडचण गोष्टींच्या शिडीची. पहिलीत परीकथा, दुसरीत प्राणिकथा आणि संतकथा, तिसरीत ज्यू धर्मग्रंथातल्या कथा, चौथीत उत्तर युरोपातले देव, पाचवीत प्राचीन भारत, इराण, इजिप्त, ग्रीस, पुढे रोम. क्रम सहज वाटतो, पण त्यामागे स्टायनरची एक कल्पना आहे. मानवजात युगायुगांतून चढत आली, भारत ही जुनी पायरी आणि युरोप ही आजची. जळगावच्या पाचवीतल्या मुलीनं हे असंच गिरवलं, तर आपण म्हणजे मागे पडलेला काळ, असं ती नकळत शिकेल. इथे आमचा स्पष्ट विरोध आहे. ही शिडी तयार मिळते म्हणून विकत घेऊ नका. कानबाईची गाणी, आखाजीचा झोका, पोळा, फैजपूरला १९३६ साली भरलेलं काँग्रेसचं अधिवेशन, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, हे सगळं हाताशी असताना चौथीच्या स्थानिक भूगोल-इतिहासाला बाहेरून काय आणायचं?

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. तिसरीच्या वर्षात शेती आणि घरबांधणी असते. शहरातल्या मुलाला तो आनंद. पण निंदणीला, कापूस वेचायला जाणाऱ्या मुलीला शेती हा ‘उपक्रम’ नसतो, मजुरी असते. तिच्यासाठी ‘घरी राहणं’ म्हणजे शाळा सुटणं. घरी शिकवायला एक मोठं माणूस दिवसभर मोकळं लागतं. बहुतेक घरांत ती आई असते, आणि तिच्या वेळाचा हिशेब कुणी मांडत नाही.

इथे हमखास बहिणाबाईंचं नाव निघतं. शाळेत न जाता एवढी मोठी कवयित्री! खरं आहे. पण बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी दुसऱ्यांनी उतरवून घेतली, म्हणून १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, पुस्तक निघालं. जी कुणी उतरवली नाहीत, ती गेली. निरक्षरतेचं कौतुक करणाऱ्यांनी त्या गेलेल्या गाण्यांचा विचार करावा.

कायद्याचंही बघू. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य मानतो. त्यासाठी पालकाला शिक्षा मात्र सांगत नाही. पुढे मुक्त विद्यालयातून वयाची १४ वर्षं पुरी झाल्यावर दहावीची परीक्षा देता येते. म्हणजे वाट आहे, पण ती आधीपासून आखावी लागते. मुलाला उद्या शाळेत जावंसं वाटलं, तर ते दार उघडं राहिलं पाहिजे. ही आमची पहिली कसोटी.

शेवटी एक आठवण देतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, १८ रविवार. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ऐकणारे तुरुंगातले सोबती होते, म्हणून विनोबांनी भाषा आणि दाखले रोजच्या जगण्यातले घेतले. स्टायनरही श्टुटगार्टला समोरच्या शिक्षकांशीच बोलत होते. उतरवलेलं व्याख्यान हा नियमांचा ग्रंथ नसतो. समोर कोण बसलंय हे ओळखून बोलणाऱ्याचा तो नमुना असतो. घरी शिकवणाऱ्यांनी स्टायनरकडून एवढं जरी घेतलं, तरी पुष्कळ झालं. आपल्यासमोर कोण बसलंय, ते आधी पाहा.

आता प्रश्न घेऊ.