उजाडलं का रे?

गेल्या महिन्यात आमच्या दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, व्हॉट्सॲपवर एक नकाशा पाठवला. दादा डॉक्टर आहे. पंचवीस वर्षं भाड्याच्या जागेत दवाखाना चालवला, आता गावाबाहेर हमरस्त्याला लागून स्वतःचं चाळीस खाटांचं हॉस्पिटल बांधतोय. नकाशासोबत संगणकावर काढलेली रंगीत चित्रं होती: पुढे दोन मजली उंच काच, आत शिरल्यावर कृत्रिम धबधब्याची भिंत, दोन्ही बाजूंना मोठ्या कुंड्या. खाली लिहिलं होतं, "निसर्गाच्या सान्निध्यात उपचार". दादाचा निरोप एका ओळीचा होता: "तू सिंगापूरला एवढी हॉस्पिटलं पाहतोस, बघून सांग कसं वाटतं."

मी वास्तुविशारद नाही. सतरा वर्षं इथे वातानुकूलनाच्या धंद्यात इंजिनिअर आहे. बंद खोल्यांत थंड हवा पोचवणं हेच माझं काम. त्यामुळे नकाशा पाहताना माझी नजर आधी जाते ती डक्ट कुठून जाणार इकडे. या वेळी मात्र नजर दुसऱ्याच जागी अडकली. आयसीयू इमारतीच्या बरोबर मधोमध होतं. चारही बाजूंना भिंती, खिडकी एकही नाही.

सात वर्षांपूर्वी माझे वडील अशाच एका आयसीयूत अकरा दिवस होते. शहर मोठं, हॉस्पिटल नावाजलेलं. उपचारांबद्दल माझी काही तक्रार नाही, डॉक्टरांनी शर्थ केली. आण्णा जन्मभर पहाटे पाचला उठून पडवीत बसणारे. तिथे दिवे चोवीस तास सारखेच जळत. तिसऱ्या दिवसापासून ते वेळेचा हिशेब विसरले. मी आत गेलो की पहिला प्रश्न एकच, "उजाडलं का रे?" दुपारी चारला विचारत, रात्री नऊला विचारत. मी सांगायचो, ते मान हलवायचे, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच. बाराव्या दिवशी ते गेले. खिडकी असती तर ते वाचले असते, असं मी मुळीच म्हणत नाही. पण तो प्रश्न त्यांना विचारावा लागला नसता, एवढं मला नक्की वाटतं.

म्हणून दादाला उत्तर लिहिण्याआधी मी सिंगापूरच्या उत्तर टोकाला, यीशूनला गेलो. तिथे खू टेक पुआट हॉस्पिटल आहे. २०१० साली सुरू झालेल्या या सरकारी हॉस्पिटलचं नाव 'निसर्गाशी जोडलेली इमारत' म्हणून जगभर घेतलं जातं. २०१७ साली अशा इमारतींसाठीचा स्टीफन केलर्ट पुरस्कारही त्याला मिळाला. पुरस्कारांवर माझा फारसा विश्वास नाही, कारण ते बहुतेक वेळा फोटोंना मिळतात. पण ही इमारत मी दोन कारणांनी आधीपासून ओळखतो. एक, माझा एक मित्र तिथे दाखल असताना मी आठवडाभर रोज जात होतो. दोन, तिच्यातला मोठा भाग माझ्या धंद्याला नाकारून उभा आहे.

इमारतीचे भाग एका अंगणाभोवती मांडले आहेत आणि ते अंगण शेजारच्या यीशून तळ्याकडे उघडतं. बाग तळघरापर्यंत खाली उतरते, त्यामुळे तळघरातही उजेड आणि हिरवाई आहे. मजल्यामजल्यावर कठड्याला लागून झाडं आहेत. गच्चीवर भाजी आणि फळझाडं. ती परिसरातले स्वयंसेवक सांभाळतात. झाडांना पाणी तळ्यातलं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अनुदानित वॉर्ड, जिथे सामान्य माणूस दाखल होतो, ते वातानुकूलित नाहीत. झडपांच्या खिडक्या, छताला पंखे, आणि बाहेरच्या भिंतीवर उभ्या पट्ट्या. या पट्ट्या शोभेच्या नाहीत. भिंतीला समांतर जाणारा वारा त्यांच्यावर अडतो आणि खिडकीतून आत वळतो.

याला एक पूर्वपीठिका आहे. हे हॉस्पिटल उभं करणारी मंडळी आधी ॲलेक्झांड्रा हॉस्पिटल चालवत होती. ते दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश लष्करासाठी बांधलेलं: बैठ्या इमारती, रुंद व्हरांडे, भोवती मोकळी जागा. जुन्या, अपुऱ्या वास्तूत या लोकांनी बाग फुलवली, आणि नवी इमारत बांधायची वेळ आली तेव्हा ती सवय सोबत नेली. म्हणजे इथे बाग आधी आली आणि आर्किटेक्टचा नकाशा नंतर. रंगीत चित्रांवरून सुरू होणाऱ्या आपल्याकडच्या प्रकल्पांत हा क्रम नेमका उलटा असतो.

यात नवीन काही नाही, असं आपल्यातला कोणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने एकोणिसाव्या शतकात लिहून ठेवलं होतं की रोग्याला ताज्या हवेच्या खालोखाल गरज असते ती उजेडाची. तिच्या पठडीतले वॉर्ड लांब आणि अरुंद असत, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा हवा आणि ऊन हाच उपचार होता. आपल्याकडे पाचगणीचं बेल-एअर किंवा मिरजेजवळचं वानलेसवाडी त्याच समजुतीतून उभं राहिलं. फिनलंडमध्ये आल्व्हार आल्टोने १९३३ साली पूर्ण केलेल्या पायमिओच्या क्षयरुग्णालयात खोल्यांचं छत गडद हिरव्या रंगाचं ठेवलं, कारण आडव्या पडलेल्या माणसाला दिवसभर छतच दिसतं. हात धुण्याच्या बेसिनचा उतारही असा दिला की पाण्याचा आवाज होऊन शेजारचा रुग्ण जागा होऊ नये.

मग प्रतिजैविकं आली, ट्यूबलाइट आली आणि आम्ही वातानुकूलनवाले आलो. खिडकीवाचून चालतं हे कळल्यावर इमारती जाड झाल्या. हिशेब साधा आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या साधारण दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत उपयोगी उजेड आत पोचतो. म्हणजे सात फुटांची कड असेल तर पंधरा-सतरा फूट. इमारत सत्तर फूट रुंद केली की मधला पट्टा कायमचा अंधारात. त्या पट्ट्यात आधी जिने-लिफ्ट गेले, मग शस्त्रक्रियागृहं, आणि शेवटी माणसं.

आता पुराव्याकडे येऊ, कारण या विषयावर भाबडं लेखन फार होतं. 'हिरवाई पाहून रोगी बरा होतो' असं म्हणणारा प्रत्येक जण रॉजर उलरिख यांच्या १९८४ सालच्या निबंधाचा दाखला देतो. त्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या १९७२ ते १९८१ मधल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं पाहणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत पाहणारे ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

अभ्यास नेटका आहे, पण किती लहान! एकूण ४६ माणसं, एकच हॉस्पिटल, एकच शस्त्रक्रिया, आणि नोंदीही फक्त झाडांना पानं असतानाच्या महिन्यांतल्या. शिवाय दोघांनाही खिडकी होती, हे लोक विसरतात. फरक पाऊण दिवसाचा. त्यावरून 'उपचार करणारी वास्तू' असा फलक लावणं म्हणजे पाच ओळींच्या बातमीवर कादंबरी लिहिणं. खिडकी असली की आयसीयूतला भ्रम कमी होतो का, या प्रश्नावरही निरनिराळ्या अभ्यासांची उत्तरं जुळत नाहीत. त्यामुळे माझ्या आण्णांच्या बाबतीत मी कुठलाही दावा करू शकत नाही.

दोन गोष्टी मात्र बऱ्याच पक्क्या आहेत. पहिली उजेडाची. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नसून शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवणं हे आहे, आणि त्यांना भरपूर उजेड लागतो. वॉर्डातल्या दिव्यांचा उजेड साधारण १०० ते ५०० लक्स असतो. ढगाळ दुपारी बाहेर १०,०००च्या आसपास. आपल्याला खोली 'लख्ख' वाटते, शरीराला ती संधिप्रकाशासारखी असते.

दुसरी हवेची. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेरूमधल्या लिमा शहरातल्या ८ हॉस्पिटलांच्या ७० खोल्यांत हवा किती बदलते हे मोजलं होतं. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या, १९५०च्या आधीच्या खोल्यांत, खिडक्या उघड्या असताना, हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती. नव्या धर्तीच्या खोल्यांत १७ वेळा. आणि यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा. क्षयासारखा हवेतून पसरणारा रोग ज्या देशात ठाण मांडून आहे, तिथे हे आकडे चैनीचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली नैसर्गिक वायुवीजनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामागेही हेच कारण होतं.

या कसोट्या लावून यीशूनच्या इमारतीकडे पाहिलं तर तिचं खरं यश गच्चीवरच्या भाजीत किंवा तळ्याच्या देखाव्यात नाही. ते वाटपात आहे. बहुतेक 'हरित' हॉस्पिटलांत झाडं असतात दर्शनी दालनात, जिथे धडधाकट माणूस पंधरा मिनिटं थांबतो. आणि जो पंधरा दिवस पडून असतो त्याच्या वाट्याला पडदा आणि भिंत. इथे वारा आणि उजेड सर्वांत स्वस्त खाटेपर्यंत पोचवला आहे. माझा मित्र अशाच खाटेवर होता. संध्याकाळी पावसाची सर आली की त्याला आधी वास यायचा, मग आवाज. "पाऊस आला बघ," एवढंच तो म्हणायचा. आजारी माणसाला बाहेरच्या जगाची बातमी देणारं दुसरं काय असतं?

पण ही इमारत सर्व प्रश्न सोडवते असं नाही. पहिली गोष्ट, जास्त पैसे भरणाऱ्यांचे वॉर्ड वातानुकूलितच आहेत. म्हणजे वारा हा गरिबाचा आणि गारवा श्रीमंताचा, ही समजूत तिलाही मोडता आली नाही. विषुववृत्ताजवळच्या दमट दुपारी पंख्याखाली पडून राहायचं की नाही, हा रुग्णाच्या प्रकृतीचा प्रश्न असायला हवा. तो पाकिटाचा झाला आहे. दुसरी गोष्ट, उघड्या खिडकीतून बाहेर जे असेल ते आत येतं. २१ जून २०१३ला शेजारच्या जंगलांतल्या धुराने सिंगापूरचा प्रदूषण निर्देशांक ४०१वर गेला होता. अशा दिवसांत झडपांचा वॉर्ड दुबळा ठरतो आणि माझ्यासारख्यांना बोलवावं लागतं. तिसरी गोष्ट डासांची. तळं, कुंड्या आणि डेंग्यू यांचं नातं सांगायला नको. असा बगीचा रोज पाहणारा माणूस नसेल तर तो हॉस्पिटलचा शत्रू होईल. आणि अवयवरोपण झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांच्या खोलीत कुंडीतली मातीसुद्धा बुरशीमुळे चालत नाही. त्यांच्यासाठी झाड काचेपलीकडेच हवं.

हे सारं दादाशी फोनवर बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाला, "अरे, तुमच्याकडे तळं आहे. माझ्याकडे हमरस्ता आहे. हॉर्न, धूळ, डास. खिडकी दिली तरी बंदच राहणार. आणि खरं सांगू का, लोक ती काच आणि धबधबा बघूनच आत येतात. कर्ज मला फेडायचंय."

त्याचं म्हणणं खोटं नाही. परदेशात बसून गावाकडच्या माणसाला साधेपणाचे धडे देण्याची खोड आपल्याला असते, आणि ती मला टाळायची होती. म्हणून मी त्याला सिंगापूर गावात आणायला सांगितलं नाही. नकाशा समोर ठेवून तीनच गोष्टी लिहून पाठवल्या.

एक: आयसीयू मधून काढून मागच्या, पूर्वेच्या भिंतीला लाव. खिडकी उघडणारी नको, बंद काचच असू दे, वातानुकूलन राहीलच. खाट अशी फिरव की उशीवरून आकाश दिसेल. मधल्या जागेत भांडार आणि नोंदीची कपाटं जाऊ देत, त्यांना उजाडलेलं कळायची गरज नसते. दोन: जनरल वॉर्डही मागेच, रस्त्यापासून लांब. रुंदी कमी कर, दोन्ही बाजूंना खिडक्या, जाळी आणि चांगला दोन फुटांचा छज्जा. तीन: धबधब्याचे पैसे वाचव. मागे सहा कडुनिंब लाव आणि त्यांना पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार खर्चाच्या यादीत आजच लिही.

पुढची काच मी राहू दिली. कर्ज फेडायला ती लागेलही.

परवा दादाचा नवा नकाशा आला. धबधबा आहे तिथेच आहे. जनरल वॉर्ड जुन्याच जागी, रस्त्याच्या बाजूला. "सध्या तरी जमत नाही" असं त्याने लिहिलंय. कडुनिंबांचं काही कळलं नाही. पण आयसीयू पूर्वेला सरकलंय, सहा खाटा, सहा खिडक्या. खाटांची डोकी मात्र अजून खिडकीकडेच आहेत, म्हणजे झोपलेल्या माणसाला समोरची भिंतच दिसणार. मी लाल रेघ मारून नकाशा परत पाठवलाय: "दादा, खाटा फिरव."