हातातील अतिनील प्रारणमापक आणि त्याचा आकडा : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : अतिनील क्युरिंग, प्रारणमापक, ऊर्जामात्रा, तरंगलांबीचा पट्टा, एलईडी, कॅलिब्रेशन

प्रस्तावना :

छपाईची शाई, लाकडावरील वॉर्निश, ऑप्टिकल फायबरचे आवरण, दंतवैद्याने दातात भरलेली लुकण या वरवर परस्परांशी संबंध नसलेल्या वस्तूंमध्ये एक साम्य आहे. त्या उष्णतेने वाळत नाहीत; अतिनील किंवा त्यालगतच्या निळ्या प्रकाशाने क्षणार्धात घट्ट होतात. द्रवात मिसळलेला फोटोइनिशिएटर प्रकाश शोषून मुक्तमूलके निर्माण करतो व त्यांच्यामुळे एकवारिकांची साखळी बनत जाते. उद्योगात या क्रियेला सरसकट 'क्युरिंग' म्हणतात. क्युरिंग पूर्ण झाले की नाही हे डोळ्यांना दिसत नाही आणि दिव्याकडे पाहून त्याचे सामर्थ्य ठरविता येत नाही. तसे पाहणे डोळ्यांना घातकही असते. ही उणीव भरून काढण्यासाठी हातात मावणारे प्रारणमापक पुढे आले. त्यांनी उद्योगाला शिस्त लावली हे निर्विवाद आहे. तथापि, त्यांच्या पडद्यावरील आकड्याला आज जे प्रामाण्य दिले जाते ते कितपत योग्य आहे, याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

साधनाचे स्वरूप :

अमेरिकेतील ईआयटी या कंपनीचे 'पॉवर पक' हे या वर्गातील सुपरिचित साधन होय. आइस हॉकीच्या चकतीसारखा आकार, सुमारे अर्धा इंच जाडी, एका बाजूस संवेदकाच्या खिडक्या व दुसऱ्या बाजूस पडदा अशी त्याची रचना आहे. मालाबरोबर ते पट्ट्यावर ठेवून दिव्याखालून पाठविले जाते. बाहेर आल्यावर ते दोन प्रकारची मूल्ये दाखविते. पहिले, कमाल तीव्रता, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर पडलेले वॅट. दुसरे, एकूण मात्रा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला मिळालेले ज्यूल.

या दोहोंतील भेद कारखान्यात अनेकदा पुसला जातो. २ वॅट तीव्रता ०.२ सेकंद मिळाली काय किंवा ०.२ वॅट तीव्रता २ सेकंद मिळाली काय, मात्रा ०.४ ज्यूलच भरते. रासायनिक परिणाम मात्र सारखा होत नाही. मंद प्रकाशात मुक्तमूलके सावकाश निर्माण होतात आणि हवेतील ऑक्सिजन त्यांना पृष्ठभागावरच निष्प्रभ करतो. थर खालून घट्ट होऊनही वरून चिकट राहतो. म्हणून केवळ ज्यूल सांगणारी नोंद अपुरी ठरते. केवळ वॅट सांगणारी नोंदही फारशी विश्वासार्ह नसते. पट्टा मिनिटाला ३० मीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर धावत असेल आणि लंबवर्तुळाकार परावर्तकाने एकवटलेली प्रकाशरेषा १० मिलिमीटर रुंद असेल, तर साधन ती रेषा अवघ्या २० मिलिसेकंदांत ओलांडते. सेकंदाला २५ वेळाच नमुने घेणाऱ्या साधनाच्या दोन नमुन्यांत ४० मिलिसेकंदांचे अंतर पडते. अशा स्थितीत प्रकाशाचा कळस त्याला दिसेल की निसटेल, हा योगायोगाचा भाग होतो. शिवाय साधनाची जाडी अर्धा इंच असल्याने त्याचा संवेदक कागदापेक्षा दिव्याच्या तेवढाच जवळ असतो. प्रकाश एका रेषेवर केंद्रित असेल तेथे हे अंतर दुर्लक्षिण्याजोगे नसते.

पट्ट्यांचा प्रश्न :

याहून गंभीर आक्षेप आकड्यामागील व्याख्येवर घ्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या व्याख्येनुसार यूव्हीए म्हणजे ३१५ ते ४०० नॅनोमीटर. उपरोक्त चकतीत मात्र यूव्हीए ३२० ते ३९०, यूव्हीबी २८० ते ३२०, यूव्हीसी २५० ते २६० आणि यूव्हीव्ही ३९५ ते ४४५ नॅनोमीटर असे पट्टे आहेत. दुसऱ्या एखाद्या उत्पादकाचा यूव्हीए संवेदक ३६५ नॅनोमीटरभोवती घंटेच्या आकाराचा प्रतिसाद देतो. दोन्ही साधने निर्दोष असतील, दोघांचेही कॅलिब्रेशन ताजे असेल, तरीही एकाच दिव्याखाली ती भिन्न आकडे दाखवितात. आणि दोन्ही पडद्यांवर 'यूव्हीए' हाच शब्द असतो. शाईच्या माहितीपत्रकात '३०० मिलिज्यूल आवश्यक' एवढेच छापलेले असेल, तर त्या विधानाला तांत्रिक अर्थ उरत नाही. कोणत्या साधनाने, कोणत्या पट्ट्यात आणि कोणत्या दिव्याखाली, हे सांगितल्याशिवाय ते मिलिज्यूल कोणाचे हे कळत नाही. माहितीपत्रकांतील ही सैल भाषा हा या क्षेत्रातील जुना दोष आहे आणि त्याची जबाबदारी साधन बनविणाऱ्यांइतकीच शाई विकणाऱ्यांवरही येते.

पाऱ्याच्या दिव्यांच्या काळात हा दोष झाकून राहिला. पाऱ्याच्या वर्णपटातील २५४, ३१३, ३६५, ४०५ आणि ४३६ नॅनोमीटरच्या ठळक रेषा उपरोक्त पट्ट्यांत नीट बसतात. किंबहुना पट्टे आखले गेले तेच या रेषा डोळ्यांसमोर ठेवून. दिव्यात लोह किंवा गॅलियम मिसळले की वर्णपट सरकतो. पांढऱ्या शाईतील टायटॅनियम डायऑक्साइड आखूड लांबीचे किरण स्वतःच गिळून टाकत असल्याने जाड पांढऱ्या थरासाठी गॅलियमचा दिवा वापरतात. अशा ठिकाणी यूव्हीएचा आकडा फारसा उपयोगाचा नसतो; यूव्हीव्हीचा पाहावा लागतो.

एलईडी दिवे आल्यावर मात्र झाकलेले उघडे पडले. उद्योगात ३६५, ३८५, ३९५ आणि ४०५ नॅनोमीटरचे एलईडी वापरले जातात व त्यांपैकी ३९५ चा वापर विशेष आढळतो. वरील पट्ट्यांत ३९५ चे स्थान पाहिले असता यूव्हीए ३९० ला संपतो व यूव्हीव्ही ३९५ ला सुरू होतो. हा दिवा नेमका दोन पट्ट्यांच्या सांध्यावर येतो. येथे फिल्टरचा प्रतिसाद सपाट नसून उताराचा असतो. एलईडीची प्रत्यक्ष लांबी छापील लांबीपेक्षा काही नॅनोमीटर इकडेतिकडे असू शकते आणि तापमानानुसारही सरकते. सपाट प्रतिसादाच्या प्रदेशात एवढ्या सरकण्याने काही बिघडले नसते. उतारावर त्यानेच आकडा मोठ्या प्रमाणात वरखाली होतो. परिणामी समान सामर्थ्याचे दोन एलईडी संच जुन्या साधनावर असमान दिसतात आणि खरोखर क्षीण झालेला संच क्वचित ठीकही दिसू शकतो. पाऱ्याच्या दिव्यावर कॅलिब्रेशन केलेले साधन एलईडीखाली धरणे म्हणजे सोन्याच्या काट्यावर धान्याचे पोते तोलण्यासारखे आहे. काटा खोटा नसतो, पण तो त्या कामासाठी नसतो.

उत्पादकांनी यावर उपाय केला हे नमूद करणे न्यायाचे होईल. एलईडीच्या प्रत्येक लांबीसाठी तिच्या दोन्ही बाजूंस पुरेशी जागा ठेवून सपाट प्रतिसाद देणारे स्वतंत्र पट्टे असलेली साधने आता मिळतात. मात्र त्यामुळे नवा आकडा जुन्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. पाऱ्याकडून एलईडीकडे वळलेल्या छापखान्याने जुन्या वहीतील मिलिज्यूल नव्या यंत्रावर गाठण्याचा आग्रह धरला, तर तो दोन वेगळ्या मापांची तुलना करीत असतो. एलईडीत यूव्हीसी जवळपास नसतोच. पृष्ठभाग घट्ट करण्याचे जे काम तो करी ते आता शाईच्या घडणीतून किंवा नायट्रोजनच्या आच्छादनातून साधावे लागते. वहीतील यूव्हीएच्या रकान्यात याचा मागमूसही नसतो.

आकडा काय सांगत नाही :

प्रारणमापक पोहोचलेला प्रकाश मोजतो. घडलेली रासायनिक क्रिया मोजत नाही. हा भेद किती महाग पडू शकतो हे २००५ साली युरोपात दिसले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये इटलीतील अधिकाऱ्यांनी आयटीएक्स या फोटोइनिशिएटरचे अंश आढळल्यामुळे लहान मुलांच्या दुधाचा सुमारे ३ कोटी लिटर साठा जप्त केला. शाई खोक्याच्या बाहेरच्या बाजूस होती. छापलेला पुठ्ठा रिळावर गुंडाळला गेला, बाहेरची बाजू आतल्या बाजूस टेकली आणि प्रक्रियेत न बांधले गेलेले रेणू तेथून दुधापर्यंत गेले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मत दिले, की आढळलेल्या प्रमाणात हे द्रव्य आरोग्यास चिंताजनक नसले तरी अन्नात त्याचे असणे अनिष्ट आहे. अशा प्रसंगी दिव्याखालचा आकडा अपेक्षित मर्यादेत असणे पूर्णतः शक्य आहे. चांगल्या क्युरिंगनंतरही काही फोटोइनिशिएटर थरात मोकळा राहतोच. तो किती राहिला याचे उत्तर द्रावकाने केलेल्या स्थलांतर-चाचणीतून मिळते, चकतीतून नाही. अन्नाच्या वेष्टनांबाबत प्रारणमापकाची नोंद सुरक्षिततेचा दाखला म्हणून पुढे करणे म्हणूनच अनुचित आहे.

काही ठिकाणी तर हे साधन पोहोचूच शकत नाही. रोलरांच्या फटीतून अर्धा इंच जाडीची चकती जात नाही. तेथे रंग बदलणाऱ्या प्रकाशसंवेदी पट्ट्या वापराव्या लागतात. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बनणाऱ्या ऑप्टिकल फायबरचे आवरणही अतिनील किरणांनीच घट्ट होते, पण केसासारख्या धाग्यावर चकती ठेवणार कशी?

उपयोगाची योग्य रीत :

या मर्यादांमुळे साधन टाकाऊ ठरत नाही. त्याचे खरे बळ निरपेक्ष मूल्यात नसून कालच्या व आजच्या आकड्यांतील फरकात आहे. ±१० टक्क्यांची अचूकता सांगणाऱ्या साधनाच्या पडद्यावर दशांशचिन्हानंतर तीन अंक झळकतात, त्यांपैकी शेवटच्या अंकांकडे लक्ष देण्याचे कारण नाही. माल चांगला निघत असताना प्रथम आकडा टिपावा. त्यानंतर पट्ट्याचा वेग हळूहळू वाढवीत, द्रावकात भिजविलेल्या बोळ्याने घासण्याची व चिकटपट्टी ओढण्याची चाचणी घेत, माल कोठे बिघडतो ते पाहावे. बिघाडाच्या त्या बिंदूवरील आकडा आणि त्याच्यावर राखलेले अंतर हीच त्या यंत्राची, त्या शाईची व त्या साधनाची मर्यादा होय. नोंदवहीत साधनाचा क्रमांक, पट्टा, दिव्याचा प्रकार, दिव्याचे तास आणि पट्ट्याचा वेग हे रकाने आकड्याइतकेच आवश्यक आहेत. साधन वर्षातून एकदा कॅलिब्रेशनला जाऊन परत आले, की जुना व नवा आकडा एकाच दिव्याखाली शेजारी शेजारी लिहावा. कारण फिल्टरही अतिनील प्रकाशाने झिजतात, आणि दिवा क्षीण झाला असे वाटून तो बदलला जातो तेव्हा कित्येकदा क्षीण झालेला असतो तो संवेदक.