बोलावलं कोणी, भरायचं कोणी?

परवा रविवारी ‘द पार्टी’ हा ब्लेक एडवर्ड्‌सचा १९६८ सालचा विनोदी चित्रपट पुन्हा पाहिला. सगळं घर हसत होतं. मी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. ‘‘अहो, हसा की जरा!’’ असं ही दोनदा म्हणालीसुद्धा. पण बँकेत २२ वर्षं घासलेल्या माणसाला पडद्यावर काही फुटलं, की ‘हे कोणाच्या नावे टाकायचं?’ हाच प्रश्न आधी पडतो.

गोष्ट अशी. हृंदी बक्षी हा हॉलिवुडातला भारतीय नट. पायातलं बांधायला तो नेमका सुरुंगाच्या खटक्यावर पाय ठेवतो आणि चित्रीकरणाचा किल्ला उडतो. याला पुन्हा काम द्यायचं नाही, म्हणून स्टुडिओचे साहेब क्लटरबक त्याचं नाव एका कागदावर टिपतात. तो कागद निघतो बाईसाहेबांच्या मेजवानीची यादी! म्हणजे बक्षी कागदोपत्री पाहुणा, मनातून आगंतुक. आमच्याकडे असल्या चुकीला ‘क्लेरिकल मिस्टेक’ म्हणतात आणि ती नेहमी क्लार्कवरच ढकलतात.

पुढे साहेबांच्या बंगल्याची जी धूळधाण होते, तिचं मी खातं मांडलं. न्हाणीघरात पाण्याचा पूर : बक्षीच्या नावे, निष्काळजीपणा, वाद नाही. जेवणाचा विचका : निम्मा झिंगलेल्या वेटरचा, आणि नोकराने कामावर केलेल्या घोटाळ्याला मालक जबाबदार. अंगभर घोषणा रंगवलेला हत्ती : साहेबांची कन्या आणि तिच्या मित्रमंडळींनी आणला. घरभर साबणाचा फेस : हत्तीची ही विटंबना बघवेना म्हणून बक्षी फक्त ‘धुवा’ म्हणाला, साबण चोळणारे दुसरेच. बेरीज केली तर आगंतुकापेक्षा यजमानाच्याच नावे जास्त!

घर अमेरिकेतलं, तेव्हा कायदाही तिथला. पण समजा, हे पुण्यात घडलं असतं. १८६०च्या दंडसंहितेत काय किंवा २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेत काय, फौजदारी घुसखोरीला गुन्हा करण्याचा, धाकदपटशाचा नाहीतर छळण्याचा उद्देश लागतो. बक्षीच्या मनात तसलं काही नाही. उरला दिवाणी दावा. तोही निष्काळजीपणा सिद्ध करून.

एक नुकसान मात्र माझ्या खात्यात बसेना. पीटर सेलर्स इंग्रज. तोंडाला तपकिरी रंग फासून तो भारतीय होतो. आपण हसतो, आणि हसताना थोडं खटकतं. खटकायलाच हवं. तरी गंमत बघा, त्या घरात चूक झाल्यावर ‘माफ करा’ म्हणणारा आणि निस्तरायला धावणारा तो एकटाच. बोलावलेले सगळे नुसते ग्लास धरून उभे. चित्रपट टिकला आहे तो यावर.

हे मला गेल्या वर्षीच कळायला हवं होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये मुलीचा वाढदिवस केला. न बोलावलेला एक पोरगा आला, नाचता नाचता कपाटावर आदळला आणि काच खळ्ळकन फुटली. डिपॉझिटमधून १,८०० रुपये कापले. सेक्रेटरी म्हणाले, ‘‘हॉल तुमच्या नावावर, काच तुमच्या नावावर.’’ मी न वाचता सही केलेल्या फॉर्मवर तसं स्पष्ट छापलं होतं. पोरगा कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’. खरा अज्ञान मी. पोराने केलं म्हणून आई-बाप आपोआप देणे लागत नाहीत, आणि तेवढ्यासाठी दावा लावायचा तर वकिलाचा चहाच महाग.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा. मुठीत ४० रुपयांची चिल्लर. ‘‘काका, बाकीचे दिवाळीनंतर.’’ बोलावलेल्या ६० पाहुण्यांपैकी त्या काचेबद्दल अवाक्षर कोणी काढलं नव्हतं.

परत देत होतो, तर घेईना. ते पैसे अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. हिशेब न लागलेली रक्कम आम्ही सस्पेन्स अकाउंटला टाकतो, तशी. यंदा मात्र यादीत पहिलं नाव त्याचं लिहिलं आहे. आणि कपाट हॉलबाहेर काढून ठेवायला सांगितलं आहे.