‘सखाराम बाइंडर’ : करार, संमती आणि स्त्रीचा नकार

प्रस्तावना :

विजय तेंडुलकर यांचे ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक मार्च १९७२ मध्ये मुंबईत रंगभूमीवर आले. दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचे होते. सखारामची भूमिका निळू फुले यांनी, तर चंपाची भूमिका लालन सारंग यांनी केली. थोड्याच प्रयोगांनंतर परिनिरीक्षण मंडळाने आक्षेप घेतला, प्रयोग थांबले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. ही सारी हकीगत सारंग यांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात सांगितली आहे. त्यानंतरच्या पाच दशकांत या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले. त्यातील बरीचशी चर्चा दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली : हे नाटक अश्लील आहे काय, आणि लेखकाला असे लिहिण्याचे स्वातंत्र्य असावे काय? तिसरा प्रश्न मात्र मागे राहिला. सखारामच्या घरात आलेल्या स्त्रीने ‘हो’ म्हटले होते काय, आणि म्हटले असेल तर तिला ‘नाही’ म्हणण्याची सोय होती काय?

पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी काळभोरसारख्या, शहर आणि ऊसपट्टा यांच्या सीमेवर वसलेल्या गावच्या वर्गात हे नाटक शिकवताना तिसऱ्या प्रश्नाला टाळता येत नाही. विद्यार्थी तो विचारतात, पण उलट्या बाजूने : “मुळात ती त्याच्या घरी गेलीच कशाला?” विचारणाऱ्यांत मुलीही असतात. या प्रश्नाला उत्तर देण्याच्या निमित्ताने प्रस्तुत लेखात या नाटकाचे वाचन संमतीच्या अंगाने केले आहे.

सखारामचा करार :

सखाराम हा पुस्तकबांधणी करणारा कारागीर. नवऱ्याने टाकलेल्या किंवा नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला तो घरी आणतो. नाटकाच्या आरंभी येणारी लक्ष्मी ही अशी सातवी बाई. घरात पाऊल ठेवताच तो तिला नियम सांगतो. दोन वेळचे जेवण, नेसायला वस्त्र आणि डोक्यावर छप्पर मिळेल. त्या बदल्यात घरकाम करायचे, त्याचा शब्द झेलायचा आणि बायकोने करायचे ते सर्व करायचे. पटेनासे झाले तर जायचे त्या गावचे तिकीट काढून देण्याची त्याची तयारी आहे.

या स्पष्टवक्तेपणामुळे सखाराम अनेकांना प्रामाणिक वाटतो. लग्नाच्या आड लपून बायकोला छळणाऱ्या नवऱ्यांपेक्षा आपण बरे, असे तोही मानतो. त्याच्या या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही, कारण विवाहसंस्थेतील दांभिकतेवर तो नेमके बोट ठेवतो. तथापि त्याच्या कराराची तपासणी केली की वेगळेच चित्र दिसते. करार दोन पक्षांत होतो. येथे अटी एकच पक्ष सांगतो आणि दुसऱ्या पक्षापुढे रस्त्याखेरीज पर्याय नसतो. शिवाय बाईने एकदा उंबरठा ओलांडला की पुढच्या प्रत्येक रात्रीची संमती तिने आगाऊ दिली, असे सखाराम गृहीत धरतो. संमती ही प्रत्येक प्रसंगी नव्याने द्यायची, आणि दिलेली परत घेता येण्याजोगी गोष्ट आहे, हे त्याच्या नियमांत कोठेच बसत नाही. घर सोडून जाण्याची मुभा तो देतो. घरात राहून नकार देण्याची देत नाही. हा फरक नाटकाच्या केंद्रस्थानी आहे, असे आम्हांस वाटते.

लक्ष्मी : सोशिकपणाला मिळणारा आदर

लक्ष्मी देवभोळी आणि कष्टाळू आहे. मुंगळ्याशी एकटीच बोलत ती हसते, तेव्हा नाटकात क्षणभर उजेड पडतो. सखारामला ते हसणे हवेसे वाटते आणि पाय दुखावलेला असतानाही रात्री तो तिला तसेच हसून दाखवायला लावतो. या प्रसंगात देहावरील सत्ता किती खोलवर जाते ते दिसते. शरीर तर त्याने ताब्यात घेतलेच आहे. आता तिचा आनंदही हुकुमावरून यावा अशी त्याची मागणी आहे. तिला हसावे लागते, आणि ते हसणे ऐकताना प्रेक्षक अस्वस्थ होतो.

लक्ष्मी सोसते म्हणून समाजाच्या दृष्टीने ती आदरणीय ठरते. मारहाण झाली तरी सखारामला ती मनोमन पती मानते. ‘स्त्रीचा आदर’ हा शब्द आपल्याकडे सर्रास वापरला जातो, पण तो आदर कोणत्या अटीवर मिळतो याचे उत्तर लक्ष्मीच्या चित्रणात आहे. आपल्या देहावरचा हक्क जिने सोडून दिला तिला आदर मिळतो. असा आदर म्हणजे आज्ञाधारकपणाला दिलेले बक्षीस होय. म्हणून संमतीचा विचार आदराच्या भाषेत विरघळू देणे धोक्याचे आहे.

चंपा : नकार आणि त्याची किंमत

चंपा ही लक्ष्मीच्या उलट. बडतर्फ फौजदार शिंदे याला ती सोडून आली आहे. वयात येण्यापूर्वीच आईकडून त्याने तिला विकत घेतले होते आणि तिचा अमानुष छळ केला होता. सखारामच्या घरी आल्यावर ती त्याला स्पष्ट नकार देते. त्यावर तो घराबाहेर काढण्याची भाषा करतो. तेव्हा चंपा दारू मागते आणि शुद्ध हरपत आल्यावर देह त्याच्या स्वाधीन करते.

हा प्रसंग चंपाच्या ‘चवचालपणा’चा पुरावा म्हणून वाचला जाण्याचा संभव असतो. वास्तविक तो नकाराचाच पुढचा भाग आहे. आपल्या शरीराशी जे होणार ते टाळता येत नाही, तेव्हा तेथे आपण हजर तरी नसावे, यासाठी तिने शोधलेला तो मार्ग आहे. ती दारू मागते हे खरे. पण रस्त्यावर काढण्याच्या धमकीनंतर मागते. या क्रमाकडे दुर्लक्ष केले तर नाटकाचा अर्थच उलटतो. पुढे परत आलेल्या लक्ष्मीला चंपा घरात ठेवून घेते : घर लक्ष्मीने सांभाळायचे, सखारामला चंपाने. दोन निराधार स्त्रिया एका पुरुषाच्या गरजांची वाटणी करतात, आणि दोघींनाही ती वाटणी सोयीची वाटते, यातच त्यांची कोंडी दिसते.

चंपाचा पहिला नकार नवऱ्याला होता, हेही लक्षात घ्यावयास हवे. मराठी समाजाने असा नकार न्यायालयात ऐकला तो १८८४ पासून चाललेल्या रखमाबाईंच्या खटल्यात. अजाण वयात झालेल्या विवाहाच्या आधारे पतीकडे नांदण्यास त्यांनी नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला; १८८७ मध्ये मात्र पतीकडे जाण्याचा, अन्यथा तुरुंगवासाचा आदेश झाला. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोडीने प्रकरण मिटले आणि पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. रखमाबाईंपाशी शिक्षण होते आणि पाठीशी उभी राहणारी माणसे होती. चंपापाशी यांपैकी काहीच नाही. नकाराला आधार लागतो, हे या दोघींना शेजारी ठेवल्यावर कळते.

त्याच महिन्यातील देसाईगंज :

नाटक रंगभूमीवर आले त्याच मार्च १९७२ मध्ये, २६ तारखेच्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची घटना घडली. नाटकाचा आणि या घटनेचा परस्परांशी संबंध नाही. तरीही दोन्हींबाबत समाजाने विचारलेला प्रश्न एकच निघाला, म्हणून त्यांचा एकत्र विचार करणे उचित ठरते.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले. मुलीला आधीपासून शरीरसंबंधाची सवय होती, याला तेथे महत्त्व दिले गेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला. भीतीपोटी पत्करलेली शरणागती म्हणजे इच्छा नव्हे, असा त्याचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निवाड्यात आरोपींना पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, यावरून संमतीचा निष्कर्ष काढला गेला. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हा त्या पत्राचा गाभा होता. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. पीडितेच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याची मुभा देणारे पुराव्याच्या कायद्यातील उपकलम २००३ मध्ये गेले. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्याच दिली : ती स्पष्ट आणि स्वेच्छेची हवी, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही व्याख्या कायम आहे. अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला असलेला अपवादही कायम आहे. म्हणजे शिंदेच्या घरातील चंपाचा नकार आजही कायद्याच्या या कलमाबाहेरच राहतो.

नाटकावरील आक्षेप शीलाच्या भाषेत होता. खटल्यातील उलटतपासणीही शीलाच्या भाषेत झाली. दोन्ही ठिकाणी ‘बाई कशी आहे?’ हे विचारले गेले. ‘बाईची इच्छा काय होती?’ हे विचारायला अध्यापकांना पत्र लिहावे लागले.

नाटकाची मर्यादा :

याचा अर्थ तेंडुलकरांनी हा प्रश्न पूर्णतः सोडवला असा नाही. चंपाची धुंदी आणि तिचा उघडा-नागडा बेदरकारपणा प्रेक्षकाच्या नजरेला खाद्यही पुरवतो. तिच्या दुःखाकडे पाहता पाहता प्रेक्षक तिच्या देहाकडे पाहू लागतो, आणि ही सीमारेषा संहितेने नेहमीच सांभाळली आहे असे म्हणता येत नाही. दुसरे असे की, नाटकात नकार देणारी एकमेव स्त्री शेवटी मारली जाते. चंपा दाऊदकडे जाते हे लक्ष्मीच सखारामला सांगते. तो चंपाचा गळा दाबतो आणि प्रेत पुरण्यासाठी पुढाकार घेते तीही लक्ष्मी. नकाराचा शेवट मृत्यूतच, असा संदेश त्यातून निघू शकतो.

परंतु आमच्या मते शेवटचे दृश्य याहून कठोर काही सांगते. चंपाला पुरण्यासाठी जमीन खणणारे हात लक्ष्मीचे आहेत. सोसण्यालाच पुण्य मानणारी स्त्री नकार देणाऱ्या स्त्रीला गाडून टाकते, आणि आपण धर्मच केला असे तिला वाटते. वर्गातील मुलगी जेव्हा “ती गेलीच कशाला?” असे विचारते, तेव्हा नकळत तिच्या हातात लक्ष्मीचेच अवजार आलेले असते. तिला दोष देऊन उपयोग नाही. तो प्रश्न तिने घरातच ऐकलेला असतो.

निष्कर्ष :

१. ‘सखाराम बाइंडर’मधील करार ही संमती नव्हे. ज्या घरात राहून ‘नाही’ म्हणता येत नाही, तेथील ‘हो’ला अर्थ उरत नाही.

२. अश्लीलता आणि अभिव्यक्तीस्वातंत्र्य यांच्या चौकटीत झालेल्या चर्चेने चंपाचा नकार झाकला गेला. मराठी समीक्षेने तो पुन्हा वाचावयास हवा.

३. सोशिकतेवर आधारलेला आदर स्त्रीच्या देहावरील तिच्या हक्काला पर्याय ठरू शकत नाही.

४. हे नाटक शिकवताना विद्यार्थ्यांचा प्रश्न खोडून न काढता त्याची दिशा बदलणे ही अध्यापकाची जबाबदारी आहे. “ती का गेली?” असे विचारल्यावर, “तिला दुसरीकडे कोठे जाता आले असते?” असे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. वर्गात काही वेळ शांतता पसरते. त्या शांततेनंतर मुले जे बोलू लागतात, तेथून या नाटकाचे अध्यापन खऱ्या अर्थाने सुरू होते.